वजन परत आलं, आता पुढे?



समोर बसलेल्यांपैकी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया किती जणांनी करून घेतली आहे, असं मी विचारणार नाही. कारण हात वर केला की शेजारचा माणूस आधी पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "मग तरीही?" आज मला याच "मग तरीही"बद्दल बोलायचं आहे.

थोडं माझ्याविषयी. मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन तंजावरला आले, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सासर इथल्या जुन्या मराठी घरांपैकी एक. २०१४ साली चेन्नईत माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तेव्हा वजन ११२ किलो होतं, मधुमेहाच्या दोन गोळ्या चालू होत्या आणि जिना चढताना मधे एकदा थांबावं लागायचं. दीड वर्षात वजन ७४ वर आलं. गोळ्या बंद झाल्या. पुढची तीन-चार वर्षं ते तिथेच राहिलं. मग वर्षाला दोन किलो, तीन किलो असं चढत २०२३ मध्ये ८९ झालं. म्हणजे ३८ किलो उतरले आणि त्यातले १५ परत आले.

हा आकडा मी मुद्दाम मोठ्याने सांगते आहे, कारण तो कुणी सांगत नाही. शस्त्रक्रियेच्या जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो असतात. दहा वर्षांनंतरचा तिसरा फोटो नसतो.

तो तिसरा फोटो स्वीडनमधल्या संशोधकांनी काढून ठेवला आहे. १९८७ पासून त्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांचा आणि न झालेल्या तितक्याच लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं. दहा वर्षांनी ते मूळ वजनापेक्षा २५ टक्क्यांनी कमी होतं. माझ्यासारख्या ११२ किलोच्या बाईचं गणित मांडा. आधी साधारण ३६ किलो उतरतात, दहा वर्षांनी हिशेबात २८ उरतात. मधले आठ किलो परत येतात. माझी शस्त्रक्रिया वेगळी होती, पण आलेखाचा आकार हाच: खोल उतार, मग सपाटी, मग हळूहळू चढ. आणि ही सरासरी आहे. कुणाचे तीन किलो परत येतात, कुणाचे पंचवीस.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. साधारण अकरा वर्षांच्या पाठपुराव्यात शस्त्रक्रिया झालेल्या गटातले मृत्यू दुसऱ्या गटापेक्षा जवळपास एक चतुर्थांशाने कमी होते. थोडं वजन परत येऊनसुद्धा. त्यामुळे "सगळं पाण्यात गेलं" असं जे आपण आरशासमोर म्हणतो, ते खरं नाही. ८९ किलोची मी ११२ किलोची नव्हते. जिना एका दमात चढत होते.

आता हे वजन परत का येतं? आपल्याकडे याचं उत्तर तयार असतं: जिभेवर ताबा नाही. शरीराकडे मात्र स्वतःची कारणं असतात.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणून पहिल्या वर्षी जेवायची आठवण करून द्यावी लागते. पण शरीर वजन कमी होण्याला दुष्काळ समजतं. ते काटकसर शिकतं. वजन उतरलेलं शरीर पूर्वीपेक्षा कमी इंधनात चालतं, आणि उतरलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात. हळूहळू भूक परतते, उरलेलं जठर थोडं सैल होतं. त्यात वय वाढतं, पाळी जाते, कुणाला थायरॉइडचा त्रास सुरू होतो, कुणाला दम्यासाठी स्टेरॉइड, कुणाला मधुमेहासाठी इन्सुलिन, कुणाला नैराश्यावरच्या काही गोळ्या. यातली बरीच औषधं वजन वाढवतात. ती आपल्या मनाने बंद करायची नसतात, पण डॉक्टरांना विचारायचं असतं: याला पर्याय आहे का?

आणि आयुष्य मधे येतं. अमेरिकेतले टीव्हीवरचे प्रसिद्ध हवामान निवेदक अल रोकर यांनी २००२ साली बायपास करून घेतला. पुढे आईच्या आजारपणात त्यांचं जवळजवळ १८ किलो वजन परत आलं, आणि हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं. माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं पथ्य, त्यांची औषधं, रात्रीची जागरणं. त्या दोन वर्षांत माझे सहा किलो वाढले. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. ती दोन वर्षं तशीच जायला हवी होती.

आता तंजावरबद्दल बोलू, कारण चेन्नईत हातात मिळालेला आहाराचा तक्ता इथल्या स्वयंपाकघरात शिरला की त्याचं काय होतं, हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. कावेरीचा हा सगळा पट्टा भाताचा. सकाळी इडली नाहीतर पोंगल, दुपारी सांबार भात, रसम भात, दही भात. संध्याकाळी टिफिन. तिरुवैयारूला गेलात तर अशोका हलवा. मुगाची डाळ, साखर, तूप. तोंडात टाकला की विरघळतो.

हे "विरघळणं" लक्षात ठेवा. लहान झालेल्या जठराला कोरडी भाकरी, मटणाचा तुकडा, उसळ जड जाते. छातीत अडकल्यासारखं होतं. मऊ पदार्थ मात्र अलगद उतरतात: दही भात, हलवा, आईस्क्रीम, बिस्किट बुडवलेली कॉफी. म्हणजे जे खाऊन पोट लवकर भरतं ते त्रास देतं, आणि जे कितीही खाल्लं तरी भरत नाही ते सुखाने जातं. माणूस सोयीचं तेच खात जातो. माझ्या ओळखीतल्या अनेकींचं ताट अजूनही वाटीएवढंच आहे. वजन वाढतं ते दोन ताटांच्या मधल्या वेळात.

कॉफीचंच घ्या. कुंभकोणम इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे डिग्री कॉफी हा आमचा धर्मच. एका टंबलरमध्ये घट्ट दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे साधारण शंभर कॅलरी. दिवसाला पाच टंबलर म्हणजे पाचशे, आणि चावायला काहीच नाही. मी कॉफी सोडलेली नाही. दोन टंबलर घेते, साखरेशिवाय. पहिले पंधरा दिवस वाईट गेले, आता गोड कॉफी मलाच चालत नाही.

प्रथिनांचं तसंच. आमच्यासारख्यांना दिवसाला किमान साठ ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. चार इडल्यांत मिळून ती आठेक ग्रॅम असतात. त्यामुळे मी ताटाची सुरुवात बदलली. भाताआधी सुंडल, नाहीतर अंडं, नाहीतर मासा. डोशाऐवजी डाळींचा अडै. आणि आमच्या तंजावरी मराठी घरांत आजही होणारी डांगर पच्चडी, म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात. परक्या देशातल्या पावडरीच्या डब्याआधी हे आपल्या फळीवर आहे का, ते बघा. भात शेवटी, जागा उरली तर.

आता सर्वात अवघड भाग: डॉक्टरांकडे परत जाणं. माझ्याशी फोनवर बोलणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी दवाखान्यात जाणं थांबवलेलं असतं. वजन उतरलेलं असतं तोवर त्या पेढे घेऊन जातात. चढायला लागलं की तारीख पुढे ढकलतात. याचं कारण लाज. एका ठिकाणी, नाव घेत नाही, मला वजनकाट्यावर उभं असतानाच ऐकवलं गेलं, "इतका खर्च करून हे?" त्या खोलीत पुन्हा जायचं मला धैर्य झालं नाही. मी दुसरे डॉक्टर शोधले. तुम्हीही शोधा. लाज वाटायला लावणारा दवाखाना बदला, दवाखाना सोडू नका.

मी हे तंजावरात उभी राहून बोलते आहे म्हणून एक आठवण करून देते. १७९८ ते १८३२ या काळात इथे राज्य केलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला. तिथे उपचार झालेल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत: रुग्णाची अवस्था, डोळ्याचं रंगीत चित्र, केलेले उपचार, त्यांचा परिणाम. दोनशे वर्षांपूर्वी या गावात उपचार करणाऱ्याला कळत होतं की शस्त्र खाली ठेवलं म्हणजे काम संपलं असं होत नाही. मधुमेह, रक्तदाब यांना आपण जन्मभराचे आजार मानतो. तमिळनाडूत २०२१ पासून सरकारी कर्मचारी या रुग्णांच्या दारापर्यंत गोळ्या घेऊन येतात. लठ्ठपणाही त्याच रांगेतला आहे. मधुमेहाची साखर वाढली तर आपण गोळी बदलतो, रुग्णाला नापास करत नाही.

परत गेल्यावर काय होतं? माझं सांगते. आधी रक्त तपासलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.७ आली होती. मधुमेह परत आला होता. बी-१२ आणि लोह कमी होतं. या शस्त्रक्रियेनंतर जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम जन्मभर घ्यायचं असतं, वजन कितीही असो. थायरॉइड पाहिलं, चालू औषधांची यादी पाहिली. दुर्बिणीतून जठर पाहिलं, आकार ठीक होता. मग पर्याय समोर ठेवले.

एक, आहार आणि व्यायाम नव्याने बसवणं. दोन, औषधं. तीन, पुन्हा शस्त्रक्रिया, म्हणजे स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर. ज्यांना तीव्र जळजळ होते किंवा रचनेतच दोष आढळतो, त्यांच्यासाठी तिचा विचार विशेष होतो. मला तिची गरज नव्हती.

औषधांबद्दल सगळेच विचारतात. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आली. आठवड्याला एक इंजेक्शन. भूक कमी होते, वजन उतरतं, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन वाढलेल्यांनाही डॉक्टर ती देतात. पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन पुन्हा वाढतं. वेगोव्हीतल्याच औषधाच्या एका मोठ्या चाचणीत ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. आणि खर्च दर महिन्याचा असतो. म्हणून "किती दिवस घ्यायचं आणि ते परवडेल का" हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. मी आधी साखरेसाठी साधी गोळी सुरू केली आणि व्यायाम. इंजेक्शनचा रस्ता माझ्यासाठी खुला आहे, गरज पडली तर मी तो लाज न बाळगता घेईन.

व्यायामात मी एक बदल केला. चालणं होतंच. पहाटे बृहदीश्वराच्या आवारात, भोसले घराण्याचा इतिहास कोरलेल्या मराठी शिलालेखावरून फेऱ्या. त्यात आठवड्यातून तीन दिवस वजन उचलणं घातलं. पन्नाशीला आलेल्या बाईने साडी खोचून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं घरात आधी विनोद होता. गेलेले स्नायू चालण्याने परत येत नाहीत. ते उचलण्याने येतात.

घरच्यांसाठी दोन शब्द. इथे दारात भेटलेला माणूस "साप्टाच्चा?" विचारतो, आपण "जेवलात का?" विचारतो. प्रेमच आहे ते. पण वजन परत आलेल्या माणसाला "पुन्हा सुटलीस गं" म्हणू नका. ते तिने तुमच्याआधी पाहिलेलं असतं. ताटात आग्रहाने वाढू नका आणि ताटातलं मोजूही नका. तिच्याबरोबर सकाळी चालायला या. तपासणीच्या दिवशी सोबत चला.

आज माझं वजन ८३ आहे, सरासरी साखर ५.९. काट्यावर ७४ पुन्हा दिसेल असं मला वाटत नाही, आणि मी त्यासाठी झगडतही नाही. मी ठरवलेली रेघ वेगळी आहे: सर्वात कमी वजनापासून पाच किलो वाढले की फोन करायचा. पंधरा होईपर्यंत थांबायचं नाही. तुमची रेघ तुमच्या डॉक्टरांबरोबर आखा.

इथे ऐकणाऱ्यांपैकी कुणी गेली दोन, चार, सहा वर्षं तपासणीला गेलेलं नसेल, तर माझी एकच विनंती. पुढच्या सोमवारी फोन करून तारीख घ्या. आधी वजन कमी करून मग जाऊ, असं करू नका. आहे त्या वजनाने जा.