कल्पित राज्यातील कागदपत्रे



१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा बैठा खेळ प्रसिद्ध केला. चारपाच मंडळी मेजाभोवती बसतात. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे कल्पित राज्यातले योद्धे, चोर, मांत्रिक होतात. फासे पडतात खरे, पण डाव चालतो तो बोलण्यावर. अशा खेळात ‘तुम्हांला एक पत्र सापडले’ असे सूत्रधाराने नुसते सांगणे निराळे आणि खरोखरीचे पत्र हाती देणे निराळे. पत्र हाती आले की खेळाडू गप्प होतात, वाचू लागतात, आणि त्यातल्या मजकुरावर पुढचा बेत ठरवतात.

हे पत्र करावे कसे? बहुतेक हौशी मंडळी कागद चहात भिजवतात आणि कडा मेणबत्तीवर जाळतात. पण राजाचे फर्मान पेटीत जपून ठेवलेले. त्याच्या चारी कडा जाळल्या कोणी? शिवाय चिंध्यांपासून केलेला चांगला जुना कागद शतके लोटली तरी बराच उजळ राहतो. पिवळा पडून तुकडे होतात ते बहुधा एकोणिसाव्या शतकापासूनच्या लाकडी लगद्याच्या कागदाचे. घडीचे पत्र झिजते ते घडीवर, आणि मळते बाहेरून.

या कामी प्राध्यापक टॉल्किन यांचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या खाणीत एक फाटकी वही सापडते. तिची तीन पाने त्यांनी स्वतः तयार केली: पाइपच्या विस्तवाने जाळली, शिवणीची भोके पाडली, रक्तासाठी लाल रंग फासला. ही जळमोड शोभेची नव्हे. ती वही लढाईतून गेलेली आहे. पानांवर हातही निरनिराळे, आणि अखेरची ओळ मरण दाराशी आल्यावर खरडलेली. छपाईचा खर्च फार, म्हणून १९५४ च्या पहिल्या खंडात ही पाने आलीच नाहीत.

पुढे टॉल्किन यांनाच त्यात एक खोट दिसली. लिपी परकी, पण तिच्याआड भाषा इंग्रजी. आणि त्या जगात इंग्रजी कुठली? मला विचाराल तर खेळासाठी ही खोट चालवून घ्यावी, कारण अक्षर लागले नाही तर डाव अडतो. डाग पाडायचे ते नमस्कार-चमत्कारांवर पाडावेत. चोरवाट जिथे लिहिली आहे ती ओळ स्वच्छ ठेवावी.