हिरवेगार दिसले म्हणजे पिकले असे नव्हे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेत भाषणाला उभा राहिलो की मला घाम फुटायचा. आज विषय रोजच्या कामाचा आहे, म्हणून धीर केला. गेली बारा वर्षे मी गवती चहाचे तेल काढतो.

गवती चहाचे पान चुरगळले की लिंबासारखा वास येतो, तो सिट्रलचा. तेलात ते साधारण 70 ते 80 टक्के असते. 100 किलो ओल्या पाल्यातून जेमतेम 300 ते 400 ग्रॅम तेल मिळते. त्यामुळे थोडी चूकही महागात पडते.

मागच्या बाकावरचा आपला एक मित्र इथे बसला आहे. नाव घेत नाही, तो ओळखेल. आठ वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर त्याने आंब्याच्या जुन्या बागेत एकरभर गवती चहा लावला. पाटाचे पाणी भरपूर, युरियाही सढळ हाताने. गवत कमरेएवढे वाढले. मी पाहून त्याची पाठ थोपटली. ऐन पावसात कापून पाला भट्टीवर आणला, तर तेल निम्मेही निघाले नाही. जळणाचा खर्चसुद्धा सुटला नाही.

दोष त्याच्या मेहनतीचा नव्हता. तेल तयार व्हायला पानाला भरपूर ऊन लागते. सावलीत ते कमी बनते. नत्र जास्त झाले की पाला वाढतो, पण त्या मानाने तेल वाढत नाही. सततच्या पावसात पानात पाणीच अधिक असते. म्हणून उघडीप पाहून कापावे आणि पाला थोडा सुकवून मगच भट्टीत भरावा.

म्हणजे पीक तहानलेले ठेवायचे का? तसेही नाही. थोडा ताण बसला तर तेलाचे प्रमाण वाढते, पण ताण फार झाला की पालाच घटतो आणि एकरी तेल कमी पडते.

आपल्या खानदेशातले रोशा गवत पूर्वीपासून प्रसिद्ध. त्याचे तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानपर्यंत जात असे. त्यातली मोतिया जात कोरड्या, निचऱ्याच्या डोंगरउतारावर वाढते आणि तिच्या तेलाला गुलाबासारखा वास असतो. सोफिया जात ओलसर, सखल जागी वाढते; तिचे तेल हलके समजतात. दिसायला दोन्ही जवळपास सारख्याच. बियाणे आणि जागा, दोन्ही पारखावी लागतात.

तेव्हा मी फक्त हिरवेपणा पाहिला. जमीन, ऊन, पाणी यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. मित्राने आजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, उलट दर दिवाळीला घरी बोलावतो. मित्रा, चूक माझी होती. हे आठ वर्षांपूर्वीच म्हणायला हवे होते. आज गुरुजनांच्या साक्षीने म्हणतो.

बाकीच्यांना एवढेच सांगतो, लावण्याआधी मला शेतावर बोलवा. या वेळी पाठ थोपटण्याआधी पान चुरगळून पाहीन.