दुसऱ्याच्या नावाचे कुलूप



आपल्या प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत मी फुलांचे दुकान मांडते, हे आपण जाणताच. महादेवाला येणारे आणि दर्ग्यावर जाणारे, दोन्हीकडचे भाविक माझ्याकडची फुले नेतात. गेल्या यात्रेत सुटलेल्या पैशांतून मी नातीच्या अभ्यासासाठी एक जुना टॅब घेतला. विकणारा म्हणाला, "पुसून अगदी कोरा केला आहे." घरी सुरू केला, तर तो पूर्वीच्या मालकाचे खाते आणि पासवर्ड मागू लागला!

मला वाटे, पुसले म्हणजे कुलूपही गेले. तसे नसते. टॅब बाहेरची बटणे दाबून पुसला, तर आतले सारे जाते, पण मालकाच्या खात्याची खूण राहते. ॲपलने २०१३ साली आणि गूगलने अँड्रॉइडमध्ये २०१५ साली ही सोय आणली, ती चोराला माल पचू नये म्हणून. आमची मात्र दहा दिवस चोरासारखीच गत झाली.

एक कारागीर हजार रुपयांत कुलूप तोडून द्यायला तयार होता. खोटे कशाला सांगू, मी पैसे मोजलेही होते. पण नात म्हणाली, "आजी, चोरीचा असला तर?" टॅब सिमकार्डाचा होता. त्याचा आयएमईआय क्रमांक तिने सरकारच्या 'संचार साथी'वर तपासला. तो बंद केलेला नव्हता, पण तेवढ्याने मालक कोण ते कळेना. खोक्याच्या तळाशी घडी घातलेले बिल सापडले, त्यावर नागपूरच्या एका बाईंचा फोन होता.

त्यांनी नवा टॅब घेताना हा दुकानात देऊन टाकला होता, खाते काढायचे राहूनच गेले होते. त्यांचा पहिला प्रश्न, "माझे फोटो दिसतात का हो?" नाही म्हटल्यावर त्या पासवर्ड सांगू लागल्या. मीच नको म्हटले. दुसऱ्याच्या तिजोरीची किल्ली आपण कशाला हाती घ्यावी? भाचा नागपूरला असतो. त्याच्याकडे टॅब पाठवला, बाईंनी स्वतः पासवर्ड घातला आणि सेटिंगमध्ये जाऊन खाते काढले.

तेव्हा भगिनींनो, जुना टॅब घेताना विकणाऱ्याकडून समोरच खाते काढवून घ्या, तो नव्याने सुरू करून पाहा, आणि मगच पदराची गाठ सोडा. बिलही मागून घ्या.

टॅब परत आला, त्याबरोबर बाईंनी चार्जरही पाठवला होता. विकणाऱ्याने तो दिलाच नव्हता, आणि माझ्याही ते ध्यानात आले नव्हते.