पदवी इथली, परवाना तिथला : परदेशी जाणाऱ्या अभियंत्यांसाठी दुसऱ्या वाटा
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



आपल्या मावळात आज आळीआळीतून इंजिनिअर निघू लागले आहेत. कुसगावला महाविद्यालय, तळेगावला महाविद्यालये, पुणे तर हाकेच्या अंतरावर. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत चार वर्षे काढली की मुलांच्या मनात कॅनडा येतो. इथली नोकरी तरी कुठे कायमची? तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि २०२० च्या अखेरीस तिथले उत्पादन थांबले, हे आपण सर्वांनी पाहिले. तेव्हा मुलांनी बाहेर पाहू नये, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र कर्ज काढून, प्रसंगी गुंठा-दोन गुंठे विकून जाण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी.

कॅनडात येऊ देणारे सरकार वेगळे आणि इंजिनिअर म्हणून मान्यता देणारी संस्था वेगळी. तुमच्या पदवीला प्रवेशासाठी गुण मिळतात, म्हणून मुलाला वाटते की काम झाले. प्रत्यक्षात ओंटारिओ प्रांतात आपल्या जबाबदारीवर अभियांत्रिकीचे काम करायला 'प्रोफेशनल इंजिनिअर्स ओंटारिओ' या संस्थेचा परवाना लागतो. पूर्वी त्यासाठी एक वर्ष कॅनडातलाच अनुभव मागत. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, असा तो फेरा होता. मे २०२३ मध्ये ती अट काढली गेली. तरी चार वर्षांचा अनुभव कागदोपत्री सिद्ध करणे, पदवीची तपासणी आणि कायदा व व्यावसायिक नीतीची परीक्षा हे उरतेच. शिवाय नियम बदलला म्हणून मालक लोकांची सवय एका दिवसात बदलत नाही.

मग तोवर काय करावे? परवानाधारकाच्या देखरेखीखाली परवान्याशिवायही इंजिनिअरिंगचे काम करता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दुसरी वाट टेक्नॉलॉजिस्टची. नकाशे करणे, मालाची चाचणी, गुणवत्ता तपासणी, अंदाजपत्रक, रस्ते-इमारतींची पाहणी ही कामे हे लोक करतात. त्यांची 'ओअ‍ॅसेट' नावाची वेगळी संस्था आहे आणि ती 'सी.ई.टी.' हे प्रमाणपत्र देते. सिव्हिलच्या मुलांना ही वाट विशेष सोयीची, असे आमचे मत आहे.

तिसरी वाट बॉयलर आणि शीतकरण यंत्रणांची. मोठी इस्पितळे आणि कारखाने यांना 'ऑपरेटिंग इंजिनिअर' लागतात. त्यांची प्रमाणपत्रे चौथ्या वर्गापासून पहिल्या वर्गापर्यंत चढत जातात. लोणावळेकरांना हे नवीन वाटू नये. आय.एन.एस. शिवाजीत १९४५ पासून नौदलाची माणसे जहाजांच्या यंत्रांचेच शिक्षण घेत आली आहेत.

चौथी वाट कुशल कारागिरीची. ओंटारिओत इलेक्ट्रिशियनची उमेदवारी ९,००० तासांची असते, त्यातला बहुतेक काळ पगारी कामाचा. आधीचा अनुभव सिद्ध केला तर थेट परीक्षेला बसण्याचीही सोय आहे.

इथे घरचे लोक कपाळाला आठ्या घालतात. "बी.ई. झाला आणि पाना-पक्कड धरतो?" हा प्रश्न आपल्या समाजात जास्त बोचतो, आणि त्याला कारण आहे. आपल्या आजोबा-पणजोबांवर गावकीची कामे जन्माने लादलेली होती. ती नाकारूनच आपण शाळेची पायरी चढलो. पण तासावर मोजून वेतन मिळणारे, परीक्षा देऊन मिळवलेले आणि मनात येईल तेव्हा सोडता येणारे काम हे त्या बलुत्याचे भावंड नव्हे. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना जे निवेदन दिले, त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबर सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या होत्या. विलायतेत शिकलेल्या बाबासाहेबांना हत्याराचे काम हलके वाटले नाही. देहूरोडच्या डेपोत हाताने काम करणाऱ्या बापांनीच इथली कित्येक मुले इंजिनिअर केली, हेही विसरता येत नाही.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलाचा फोन आला की "साहेब झालास का?" हे पहिले विचारू नका. त्या धाकाने मुले गोदामात काम करतात आणि घरी कचेरीचे नाव सांगतात. गोदामात किंवा टॅक्सीवर काम करण्यात लाज कसली? धोका एवढाच की पोटापुरते सुटले की माणूस तिथेच रुळतो. वर्षे जातात, हातातली विद्या गंजते आणि परवान्यासाठी दाखवायला ताजा अनुभव उरत नाही. या वाटाही जोखमीशिवाय नाहीत. कारागिरीत शिरलेल्याला पुन्हा आरेखनाच्या टेबलाकडे वळणे सोपे जात नाही. तेव्हा आपल्या शाखेला लागून असलेलीच वाट धरावी, आणि घरच्यांना ती आधी सांगून जावे.

निघण्यापूर्वीची कामे इथेच उरकावीत. विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रके आणि त्या त्या वर्षाचा अभ्यासक्रम घ्यावा. मालकाकडून अनुभवपत्र घेताना "वर्तणूक समाधानकारक" एवढ्यावर भागवू नये. कोणत्या यंत्रावर, कोणते काम, कोणाच्या हाताखाली, किती महिने केले ते लिहून घ्यावे. कारखाना बंद पडला किंवा विकला गेला की असे पत्र द्यायला तिथे कोणी उरत नाही. ज्यांना मसुदा जमत नसेल त्यांनी कागद घेऊन आमच्याकडे यावे, आपण बसून तयार करू.