पैसा कधी येणार?

श्रोतेहो, लहान उद्योगाचा आराखडा कसा लिहावा, यावर एका कवीने बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझी पदवी साधी बी. ए.ची आणि ताळेबंदाशी माझे फारसे सख्य नाही. पण आराखडा हे शेवटी लिखाणच आहे. ओळीमागे काही आहे की ती नुसतीच कानाला गोड लागते, एवढे ओळखायला मी तीस वर्षांत शिकलो आहे.

बँकेत ज्याला प्रोजेक्ट रिपोर्ट म्हणतात, तो आपल्याकडे बरेच जण स्वतः लिहीतच नाहीत. पैसे मोजले की तयार मिळतो. माझ्या भाचीला सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा दहा यंत्रांचा कारखाना काढायचा होता. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात गणवेशांचा धंदाही आता चांगला रुजला आहे. तिने चाळीस पानांचा अहवाल आणला आणि म्हणाली, ‘मामू, भाषा तेवढी बघून द्या.’ भाषा झकास होती. ‘प्रचंड मागणी’, ‘उज्ज्वल भवितव्य’. मात्र सतराव्या पानावर मिरची कांडण्याचा खर्च धरला होता! आधीच्या गिऱ्हाइकाचे पान तसेच राहिले होते. हसू आले, पण बहिणीचे राहते घर तारण ठेवण्याचे घाटत होते. मग हसू मावळले.

आम्ही कोरी वही घेऊन बसलो. आधी विशेषणे खोडली. ‘प्रचंड मागणी’च्या जागी लिहिले : कोणत्या शाळा, मुले किती, आज कपडे कोण पुरवतो आणि त्याला सोडून ते आपल्याकडे का येतील? याची उत्तरे घरी बसून मिळत नाहीत. भाचीने शाळांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे ते एक पान भरले.

नंतर एका गणवेशाचा हिशेब मांडला. उदाहरणादाखल आकडे सांगतो. विक्री ४०० रुपये. कापड २२०, शिलाई ७०, बटणे-दोरा-वेष्टन २०, वाहतूक १०. एकूण ३२०, म्हणजे हाती उरले ८०. भाडे, वीज, देखरेखीचा पगार, कर्जाचा हप्ता आणि घरखर्चाला काढायची रक्कम मिळून महिन्याला ६०,००० धरले, तर वर्षाचे ७,२०,००० झाले. त्याला ८० ने भागा. ९,००० गणवेश विकले, तर वर्ष जेमतेम निभावते. सनदी लेखापाल हप्त्यातले मुद्दल बाजूला काढून घसारा धरतील, ते योग्यच आहे. पण चूल चालवणाऱ्याला आधी रोकडीचा हिशेब हवा.

इथवर बहुतेक जण येतात आणि खूश होऊन थांबतात. खरा आराखडा इथून पुढे सुरू होतो. बारा महिन्यांचे बारा रकाने आखायचे आणि पैसा कोणत्या महिन्यात जातो, कोणत्या महिन्यात येतो, ते लिहायचे. गणवेश खपतात जूनमध्ये. शिलाई सुरू होते त्याच्या कितीतरी आधी. एप्रिलअखेर ५,००० नग तयार ठेवायचे, तर कापड, शिलाई आणि बटणे मिळून प्रत्येकी ३१० प्रमाणे १५,५०,००० रुपये गोदामात अडकतात, आणि विक्रीचा एक रुपयाही आलेला नसतो. नफा कागदावर असतो आणि गल्ला रिकामा. लहान धंदा तोट्याने बुडतो तसा या वाट पाहण्यानेही बुडतो.

बँक किती देते? १९९२ च्या नायक समितीपासून लहान उद्योगांसाठी एक ढोबळ नियम आहे. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या पंचवीस टक्के खेळते भांडवल धरायचे. त्यातले किमान वीस टक्के बँकेचे, पाच टक्के उद्योजकाचे. ९,००० गणवेशांची उलाढाल ३६ लाख, म्हणजे बँकेचे ७,२०,००० आणि भाचीचे १,८०,०००. एकूण नऊ लाख. लागणार होते साडेपंधरा. हे साडेसहा लाखांचे भगदाड चाळीस पानांत कुठेही दिसत नव्हते. ते सावकार बुजवतो किंवा आईचे दागिने.

भगदाड दिसले की उपाय सुचतात. हंगामी गरज दाखवून बँकेकडे जादा मर्यादा मागता येते. भाचीने दुसरी वाट धरली. एप्रिलपर्यंत ५,००० ऐवजी ३,००० नग, म्हणजे ९,३०,०००. वरच्या तीस हजारांसाठी दोन शाळांकडून थोडी आगाऊ रक्कम. बाकीचे महिने दवाखाने, हॉटेले आणि कारखान्यांच्या कपड्यांचे काम, ज्यातून महिन्याचा खर्च निघावा. घराचे कागद कपाटातच राहिले.

उधारीचेही लिहून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांहून जास्त ठरवता येत नाही. उशीर झाला तर व्याज लागते. त्यासाठी उद्यम नोंदणी करून घ्या. मात्र कायदा हाती असणे वेगळे आणि पैसा हाती येणे वेगळे. तक्त्यात ४५ ऐवजी ९० दिवस धरून पाहा आणि धंदा तगतो का, ते तपासा.

शेवटचे पान वाईट वर्षाचे असावे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या त्या ऐन तयारीच्या दिवसांत. कपडे शिवलेले आणि मुले घरात. असे वर्ष पुन्हा आले तर भाडे कशातून देणार, कोणता खर्च पहिल्या दिवशी थांबवणार, हे डोके शांत असतानाच लिहून ठेवावे.

श्रोतेहो, आराखडा बँकेच्या साहेबांसाठी लिहायचा, असा समज आहे. साहेब त्याचा दुसरा वाचक. पहिला वाचक तुम्ही. म्हणून तो आपल्या हाताने, आपल्या भाषेत लिहा, इंग्रजी नंतर करून घेता येते. आणि एखाद्या रकान्यापाशी पेन अडखळले, तर तिथे अंदाजाचा आकडा टाकून पुढे जाऊ नका. बाजारात जा, विचारून या आणि मगच तो रकाना भरा.