आळ कुणावर येतो?



दिंडीला शंभर वर्षं झाली. आता आपली नातवंडं या वाटेवर चालू लागली आहेत. टाळ धरायला, पावली खेळायला आपण त्यांना शिकवतोच. आज त्यांच्या मनाविषयी दोन शब्द बोलावेत, असं आम्हाला वाटतं.

मुक्कामावर कुणाची पिशवी हरवली, की पहिली नजर जाते रस्त्याकडेच्या पारध्याच्या पालाकडे. पिशवी पुष्कळदा आपल्याच ट्रकमध्ये, वळकटीखाली सापडते. पण तोवर एखाद्या पोरानं ऐकलेलं असतं, 'ती जातच तसली.' पिशवी सापडते, पण पोराच्या मनातला शब्द तसाच राहतो.

हे 'तसली' आलं कुठून? 1871 साली इंग्रज सरकारनं कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पुढे तो आपल्या मुलखातही लागू झाला. माणसानं काही केलेलं नसलं तरी पोलिसांत हजेरी! सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. 1952 साली कायदा गेला, शिक्का मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

आपल्या संप्रदायाला हे दुःख नवं नाही. देवाचं पदक हरवलं, आळ जनाबाईंवर आला. देवाचा हार हरवला, आळ चोखोबांवर आला. कीर्तनात ही कथा ऐकताना आपले डोळे भरतात. पण आळ नेमका त्यांच्यावरच का आला, हे आपण पोरांना सांगत नाही. एक दासी, दुसरे वेशीबाहेरचे. पुरावा काय तो एवढाच!

म्हणून पोरांना विचारायला शिकवू या. कुणी म्हणालं 'ते लोक तसलेच', तर तीन गोष्टी विचारायच्या. तुम्ही स्वतः पाहिलंत का? त्यांच्यातली किती माणसं तुम्हाला नावानं ठाऊक आहेत? आपल्यातल्या एकानं चोरी केली, तर सगळ्या दिंडीला चोर म्हणायचं का? समोर वडीलधारं माणूस असलं तरी विचारायचं, हात जोडून विचारायचं. आणि त्या वेळी आपण मोठ्यांनी डोळे वटारायचे नाहीत.

नुसतं विचारून भागत नाही, ओळखही व्हावी लागते. पालावरच्या मुलांना पंगतीला बोलवा, पण उरलंसुरलं द्यायला नको. आपल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसवा. वाटेवर आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा आडनाव कुठं विचारतो?

यंदा पंढरीत महाद्वाराशी चोखोबांच्या समाधीवर पोरांना माथा टेकवायला न्या. आणि ती आळाची गोष्ट त्यांना तिथंच सांगा.

रामकृष्ण हरी.