‘जिणं आमुचं’ : घरात मोठ्याने वाचावयाचे पुस्तक

(उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)

उपासक-उपासिकांनो,

नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या घरापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. जे मागे टाकले, त्याची आठवण मुलाबाळांपुढे काढावी की नाही? अनेकांना वाटते, पोतराज गेला, मरीआई गेली. आता ते पुन्हा कशाला उकरावे? या प्रश्नाचा विचार करताना बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन अवश्य वाचावे.

बेबीताईंचा जन्म १९२९ साली वीरगावी झाला. संसार फलटणला झाला. दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून, त्यांनी हे लेखन केले. १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले.

आत्मचरित्र म्हटले की जन्म, शिक्षण, विवाह, कार्य असा क्रम आपण गृहीत धरतो. येथे तो शोधणारा वाचक गोंधळतो. दळता दळता बाईने सांगावे, तशी ही हकीकत चालते. आषाढातील आनंद सांगता सांगता ती सुनेच्या हालांवर येते. मध्येच शिकल्यासवरल्या पिढीला उद्देशून बोलते. तिच्यात ‘मी’ थोडा आणि ‘आम्ही’ फार. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्येही (१९७८) संवादच आहे, पण तेथे दगडू पवार हा दया पवारांशी, म्हणजे माणूस स्वतःशीच बोलतो. बेबीताई साऱ्या वस्तीच्या वतीने बोलतात.

ही बोलण्याची रीत म्हणजे लेखनातील उणीव नव्हे. ज्यांना शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्यांचा इतिहास तोंडीच राहिला. तो ग्रंथाच्या भाषेत घातला असता, तर सांगणारीच त्यातून नाहीशी झाली असती. म्हणून वाचताना तिची भाषा ‘सुधारून’ वाचू नये.

या पुस्तकाचे खरे धैर्य याहून पुढचे आहे. बेबीताई गावाने केलेला अन्याय सांगतात, तसाच आपल्या घरातला अन्यायही झाकीत नाहीत. ज्याला बाहेर कोठेच सत्ता नाही, तो घरात दुबळा जीव शोधतो; तो जीव म्हणजे कोवळ्या वयाची सून. उपाशी, अपमानित सासू तिलाच छळते. गुलामगिरी माणसाला केवळ राबवीत नाही, ती त्याच्याकडून दुसरा गुलामही घडविते.

म्हणून हे पुस्तक एकट्याने मनात वाचण्यापेक्षा घरात मोठ्याने वाचावे. आजी ऐकेल आणि म्हणेल, “आमच्याकडे असं नव्हतं, निराळं होतं.” तेथे थांबावे व तिचे ऐकून घ्यावे, शक्य तर वहीत लिहून ठेवावे. सासू-सुनेने एकत्र बसून ऐकावे, आणि मुलग्यांना तेथून उठू देऊ नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला जो मार्ग दाखविला, तो देव्हारा रिकामा करण्यापुरता नव्हता. भिंतीवरील तसबीर बदलली, पण सून मात्र सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवते, असे ज्या घरात आहे, तेथे दीक्षा अजून उंबरठ्यावरच उभी आहे. पूर्वीचे जिणे मुलांना सांगावयाचे ते रडण्यासाठी नव्हे. त्यातले काय आपल्या घरात अजून शिल्लक आहे, हे ओळखण्यासाठी.

जय भीम!